दाढ काढल्यानंतरच्या कलाबाई

कलाबाईंच्या तोंडात दोनच बोटं जायची. तुमच्या-माझ्या तोंडात तीन उभी बोटं सहज जातात, करून पाहा. हे मला त्यांच्या पहिल्या भेटीतच कळलं, कारण त्या कामासाठी विचारायला आल्या आणि मी नाव विचारायच्या आत त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

"पाहून घ्या डॉक्टर. चौदा वर्सं जिनिंगात खर्रा खाल्ला. आता सोडला. मी सोडला, पन थो तोंड नाई सोडून राह्यला."

मी तेव्हा आर्णीत नवा होतो. मूळचा अमरावतीचा, नागपूरला शिकलेला, स्वतःला फार हुशार समजणारा. एका कृषी केंद्राच्या माडीवर दवाखाना टाकला होता. खालून फवारणीच्या औषधांचा वास यायचा, वर माझ्याकडे लवंगतेलाचा. दोन्ही मिळून जे काही व्हायचं त्यात मी दिवसभर बसायचो आणि पेशंटवर ओरडायचो. ओरडणं हा माझा स्वभाव आहे, खोटं कशाला बोलू. मदतीला कोणी महिनाभर टिकत नव्हतं. कलाबाई टिकल्या, कारण त्या उलट ओरडायच्या.

"खर्रा का सोडला?" मी विचारलं होतं.

"जिनिंग बंद झाली न. धूळ तोंडात जाते म्हनून खात होतो आम्ही बाया. धूळच गेली, मंग हे कायले ठेवू?"

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. आणि सुपारी, तंबाखू, चुना एका प्लास्टिकच्या कागदात घोटून त्याची गोळी गालात धरायची, हा आमच्याकडचा खर्रा. लग्नात चालतो, मयतीत चालतो, कचेरीत साहेबासमोरही चालतो. चौदा वर्षं गालात धरला की गाल आतून पांढरा पडतो, चामड्यासारखा ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं. अशा तोंडात झालेली जखम भरेलच असं सांगता येत नाही. आणि कलाबाईंची खालची डावी अक्कलदाढ वाकडी होती, गालाला घासत होती. आज ना उद्या ती काढावी लागणार आणि मग ती जखम बुजते की नाही ते पाहावं लागणार, हे मला त्या दिवशीच दिसलं. त्यांनाही ठाऊक होतं. "होईन तवा पाहू," म्हणाल्या, आणि पदर खोचून फरशी पुसायला लागल्या. मी कामावर घेतलंय असं अजून म्हणालोसुद्धा नव्हतो.

सकाळी आल्या की दारातून "जय भीम डॉक्टर" म्हणायच्या. मी "नमस्कार" म्हणायचो. असं दोनेक महिने चाललं. मग एक दिवस माझ्याही तोंडून आपोआप "जय भीम कलाबाई" निघालं. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, पण त्या दिवशीचा चहा चांगला झाला होता. आर्णीपासून पाच-सहा मैलांवरच्या गावाहून त्या काळी-पिवळीनं यायच्या, म्हणजे त्या जीपगाड्या, ज्यांच्यात नऊ माणसांच्या जागेत अठरा माणसं बसतात. नवरा लवकर गेला होता. एक लेक, ती उमरखेडला दिलेली. घराबद्दल याहून जास्त कधी बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं तर म्हणायच्या, "तुमी दात पाहा न बाप्पा."

तर ती कापसाची वर्षं. कापसाला भाव नव्हता. भाव येईल, भाव येईल म्हणत लोकांनी माल घरातच भरून ठेवलेला. कोणाकडे गेलात तर बसायला जागा नसायची. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, पलंगाखाली कापूस. लेकरं त्याच्यावरच झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची. आणि त्याच दिवसांत माझे अक्कलदाढेचे पेशंट तिसऱ्या दिवशी गाल सुजवून, तोंडाला घाण वास घेऊन परत यायला लागले. एक नाही, दोन नाही, ओळीनं. मी पुस्तकं काढली. अवजारं दोन-दोनदा उकळली. नागपूरला सरांना फोन करून स्वतःची अब्रू घालवली. काही केल्या कारण सापडेना. मग काय, पेशंटवर ओरडायला लागलो.

एका दुपारी घाटंजीकडचे एक काका असाच गाल घेऊन आले. मी चिडून बाजूला झालो तेव्हा कलाबाई बॅटरी घेऊन वाकल्या, चिमटा मागितला, आणि दाढेच्या खड्ड्यातून काहीतरी पिवळट-पांढरं ओढून काढलं. धुतलं. खिडकीशी नेलं. दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून हळूच ताणलं, जसं जिनिंगात धागा पाहतात.

"घरचा हाये," त्या म्हणाल्या. "सरकीसकटचा. काहो दादा, डॉक्टरनं देल्लेल्या पट्टीच्या घड्या संपल्या तवा तोंडात का कोंबलं?"

काका ओशाळले. "कापूस लावला थोडसाक. सोच्छ होता न बाई. देवाच्या वातीले घेतो थोच."

"आन् त्याच्यावर फवारनी किती येळा मारली?"

काका बोटांवर मोजायला लागले. घरात छातीइतका कापूस पडला असताना रक्त पुसायला माणूस दुसरं काय घेईल? पण माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. मी दाढ काढल्यावर जखमेवर दाबून धरायला गॉजच्या दोन घड्या द्यायचो, वर सांगायचो की भिजली की बदला. दोन संपल्या की लोक ढिगात हात घालत. तो बारीक तंतू रक्तात असा बसतो की काढू गेलं तर धरलेली गुठळी त्याच्याबरोबर उपटून येते. खाली उघडं हाड. मग ती तिसऱ्या दिवशीची ठणक, जिच्यापुढे दाढदुखी बरी.

"उद्यापासून सहा घड्या द्याच्या," कलाबाईंनी जाहीर केलं.

"सहा? कशाला एवढ्या?"

"तुमी दोन देता म्हनून त्याहिनं कापूस कोंबला. चूक त्याहिची नाई, तुमची हाये."

हे त्या पेशंटसमोर म्हणाल्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण दुसऱ्या दिवसापासून सहा घड्या, कागदाच्या पुडीत, वर शाईनं 'कापूस नाही' असं लिहिलेलं. महिन्याभरात सुजलेले गाल बंद झाले. मी सरांना फोन करून सांगितलं की मला कारण सापडलं. कलाबाई समोर बसून पुड्या बांधत होत्या. "तुमालेच सापडलं, हो," एवढंच म्हणाल्या.

त्या पुडीबरोबर त्यांचं भाषण असायचं, जिन्याच्या वरच्या पायरीवर. पेशंटचं तोंड बंद, त्यामुळे त्याला वाद घालता यायचा नाही, ही त्यांची खरी संधी. "आज थुंकाचं नाई. तोंडात आलं तं गिळाचं, मरत नाई मानूस आपल्याच थुंकीनं. बिडी नाई, खर्रा नाई. गरम चहा नाई. जिभेनं तिथं चाचपून पाहाचं नाई. आन् सासूसंगं भांडाचं नाई, दोन दिवस तरी." शेवटचं त्या पुरुषांनाही सांगायच्या. एकदा एक फौजदारसाहेब म्हणाले, खुणेनं, की मला सासू नाही. "मंग बायकोसंगं," कलाबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य. "जखम आपली आपन बुजते. तिले तिचं काम येते. आपन मधात नाई याचं." मी पाच वर्षं जे शिकलो ते हेच होतं, फक्त माझ्या पुस्तकात त्याला चाळीस पानं लागली होती.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात माझी फजिती आहे. बंद पडलेल्या त्या जिनिंगचे मालक, शेठ, दाढ घेऊन आले. गाडी खाली उभी, बरोबर दोन माणसं. कलाबाईंना पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ये तो अपनी कला है." चौदा वर्षं ज्यांच्या आवारात त्या खाली मान घालून कापूस निवडत होत्या ते हे शेठ. मला वाटलं आता काहीतरी होणार. दाढ अवघड होती. खालची दाढ काढताना मदतनिसाला पेशंटचा जबडा खालून तळव्यावर तोलून धरावा लागतो, नाहीतर सांधा दुखावतो. कलाबाईंनी शेठचा जबडा अर्धा तास धरला. हात थरथरला नाही, घाम आला तर खांद्यानं पुसला. मनात काही असतं तर एक झटका पुरे होता. त्यांनी सख्ख्या भावासारखं सांभाळलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मी दोन टाके घातले, घडी दाबली, शेठ उठले. जिन्यापर्यंत गेले असतील, तेवढ्यात खिडकीतून घडी खाली थुंकली आणि खिशातून खर्ऱ्याचा कागद काढला.

कलाबाईंनी तो हातातून घेतला. हिसकावला नाही, लेकराच्या हातातली कात्री घ्यावी तसा घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवी घडी पुढे केली.

"तोंड उघडा."

"कला! होश में है?" एवढं शेठ कसंबसं बोलले, कारण अर्धं तोंड बधिर होतं.

"जिनिंगात तुमी मालक होते. इथं नाई. तोंड उघडा, रक्त वाहून राह्यलं तुमचं."

त्यांनी उघडलं. मी पाहत उभा होतो. पण खाली गेल्यावर त्यांच्या माणसानं वर येऊन मला सांगितलं की ही बाई काढून टाका, शेठ तुम्हाला मोठ्या जागेवर दवाखाना काढून देतील. आणि मी, सांगायला लाज वाटते, मी "बघतो" म्हणालो. कलाबाईंनी ते ऐकलं. संध्याकाळी अवजारं पुसताना मला म्हणाल्या, "पाहाचं असंन तं आत्ताच पाहून घ्या. मी उद्या सकाळी येनारच हाये." आणि आल्या. "जय भीम डॉक्टर." त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही. सातव्या दिवशी शेठ टाके काढायला आले तेव्हा जखम नवीन नाण्यासारखी स्वच्छ होती. जाताना त्यांनी कलाबाईंकडे पाहून मान हलवली. बस, एवढंच.

टाक्यांचं कलाबाईंना वेडच होतं. दाढ काढायला माणूस रडत येतो, पण टाके काढायला येत नाही. दुखत नाही ना आता, मग कशाला मजुरी बुडवायची. दोरा तसाच हिरडीत राहतो, कुजतो. कलाबाईंकडे एक वही होती, तिच्यात कोणाचे टाके बाकी आहेत ती नावं. एका गुरुवारी दुपारी पेशंट नव्हते तर मला म्हणाल्या, "गाडी काढा. तांड्यावर जाचं हाये. एका बाईचा पंधरावा दिवस हाये, आली नाई."

"कलाबाई, मी डॉक्टर आहे. पोस्टमन नाही."

"पोस्टमन तरी येळेवर जाते."

गेलो. मोटारसायकलवर मी पुढे, मागे त्या, मांडीवर अवजारांचा स्टीलचा डबा. तांड्यावर बाई नव्हती, वावरात होती, शेवटची वेचणी चालू होती. बंजारा बाई, पन्नाशीची, कमरेला कापसाचं गठुडं बांधलेलं. आम्हाला पाहून ती सरळ दुसऱ्या ओळीत शिरली. कलाबाई तिच्यामागे. पऱ्हाटीच्या ओळींतून दोघींचं चाललं, ही म्हणते थांब, ती म्हणते दिवस बुडते माझा. शेवटी कलाबाईंनी तिच्या कमरेचं गठुडं सोडून स्वतःच्या कमरेला बांधलं. "तू बस धुऱ्यावर. तुयी ओळ मी वेचतो. दिवस नाई बुडत."

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, भर उन्हात मी त्या बाईचे टाके काढले. उजेड दवाखान्यापेक्षा चांगला होता. दोऱ्याभोवती पू धरला होता. आठ दिवस आणखी गेले असते तर काम वाढलं असतं. बाई तोंड पुसत उठली तेव्हा कलाबाई अर्धी ओळ वेचून पुढे गेल्या होत्या. दोन्ही हात चालत होते, बोंडातून कापूस असा निघत होता की मागे एक तंतू राहत नव्हता. "याडी, तारो हात तो भारी छ," ती बाई तिच्या बोलीत म्हणाली, म्हणजे आई, तुझा हात तर भारी आहे. कलाबाईंनी ओळ पुरी केली मगच निघाल्या. मी धुऱ्यावर बसून शेंगा खाल्ल्या.

मग त्यांची दाढ.

त्या हिवाळ्यात त्यांना तिखट खाता येईना. भाकरी पाण्यात बुडवून गिळायच्या. मी एक दिवस खुर्चीत बसवलं. दाढेनं गाल चावून चावून मागे एक पांढरट चट्टा झाला होता. मला वाटलं घासून झालेला आहे, दाढ गेली की जाईल. खरं सांगायचं तर मला तसं वाटायला हवं होतं.

"तुम्ही नागपूरला जा," मी म्हणालो. "दोन बोटांच्या तोंडातून ही दाढ काढणं माझं काम नाही. तिकडे भूल देऊन काढतील."

"तुमी काहून नाई काढत?"

"भीती वाटते."

"मले वाट्याले पाह्यजे, तुमाले कायले?" मग जरा थांबून म्हणाल्या, "चार वर्सं मी जिन्यात उभी राहून लोकाइले सांगून राह्यली, आमचा डॉक्टर चांगला हाये. मी नागपूरले गेली तं लोक का म्हन्तीन?"

काढली. पाऊण तास लागला. माझा हात आत जात नव्हता, दाढेचे तीन तुकडे करून काढावे लागले. त्यांचा जबडा धरायला कोणी नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं तो खालून तोलून धरला. मी तीन टाके घातले. पुडीतल्या घड्या त्यांनी स्वतः मोजून घेतल्या, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून माझ्याकडे पाहिलं. भाषण मी करायचं होतं. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट न विसरता. त्यांनी मान डोलावली, विद्यार्थी पास झाल्यासारखी.

सातव्या दिवशी टाके काढले. जखम उघडीच होती. चौदाव्या दिवशी उघडीच. एकविसाव्या दिवशी तिची कड जाड झाली होती, हाताला कडक लागली. मी आरसा लपवायला गेलो तर त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि खिडकीशी जाऊन स्वतः पाहिलं. हजार जखमा पाहिलेली बाई. तिला मी काय सांगणार होतो?

"बुजत नाई हे," त्या म्हणाल्या. "मधात कोनी आलं नाई, तरी नाई बुजत."

मला त्या वेळी स्वतःचा इतका राग आला की मी अवजारांचा ट्रे भिंतीवर फेकला. चट्टा मी पाहिला होता. महिनाभर आधी तुकडा तपासायला पाठवायला हवा होता. कलाबाईंनी ट्रे उचलला, एकेक अवजार धुतलं, जागेवर लावलं. "तुमचं फेकून झालं असंन तं तुकडा घ्या," म्हणाल्या. "कुटं पाठवाचा थो पाठवा."

तुकडा नागपूरला गेला. रिपोर्टला दहा दिवस. मी म्हटलं सुट्टी घ्या, घरी राहा.

"घरी राहून का करू? आरशात पाहू?"

त्या दहाही दिवस आल्या. बोलताना दुखायचं, तरी जिन्यातलं भाषण चुकलं नाही. उलट आणखी लांबलं. पेशंट खर्ऱ्यावरून कुरकुरला की त्या त्याला खिडकीशी न्यायच्या, तोंड उघडून जखम दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे पाह्य. सोडून इतकी वर्सं झाली तरी उधारी वसूल करून राह्यला थो." लोक पांढरे पडायचे. मी म्हटलं, अहो, स्वतःचं दुःख असं दाखवत काय फिरता! त्या भडकल्या. "दुःख कायचं? जखम हाये. जखम दाखवाले लाजाचं नाई, खर्रा खाले लाजाचं."

रिपोर्ट वाईट आला, कॅन्सरचा. मी तो मराठीत सांगत वाचू लागलो; अर्ध्यावर थांबलो, तर त्यांनी कागद घेऊन पुढची इंग्रजी अक्षरं स्वतः एकेक करून लावली. एकच प्रश्न विचारला. "काढलं तं बुजन का?" मी म्हणालो की वेळेत सापडलंय, पसरलेलं नाही, बुजेल. म्हणालो खरा, पण काम मोठं होतं. जबड्याचा डावा तुकडा जाणार, गालाचा भाग जाणार, छातीवरचं मांस घेऊन तिथे लावणार, आणि ते तिथे धरलं पाहिजे. त्या ताठर तोंडात धरेल की नाही, नागपूरचे मोठे सर्जनही छातीठोक सांगत नव्हते. त्यांच्यासमोर कलाबाई म्हणाल्या, "तुमी शिवा बरोबर. बाकीचं मी पाहतो."

ऑपरेशन झालं. मी दोनदा गेलो. पहिल्यांदा नळ्या होत्या, बोलणं नव्हतं. दुसऱ्यांदा त्यांनी बाजूच्या खाटेवरच्या माणसाकडे बोट दाखवलं. तो पट्टीखाली बोट घालून चाचपत होता. मला खुणेनं सांगत होत्या, ओरडा त्याच्यावर. मी ओरडलो. वॉर्डातली सिस्टर माझ्यावर ओरडली. कलाबाईंचे डोळे हसत होते.

आता त्या उमरखेडला लेकीकडे असतात. पुढचे उपचार, किरणांचा शेक वगैरे तिकडून जाऊन घेतले. फोन लेक उचलते, कारण त्यांचं बोलणं फोनवर लागत नाही; पण मागून त्यांचा आवाज येत असतो, कोणाला तरी काहीतरी बजावत असतात. मी भेटायला जाईन जाईन म्हणतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या राहिल्यात त्या टाके काढायच्या दिवशीच्या, आर्णीतल्या शेवटच्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी टाक्यांसाठी तारीख दिली होती. त्या तारखेला त्या नागपूरला गेल्याच नाहीत. सरळ माझ्या माडीवर आल्या. जिना एकट्या चढल्या, मध्ये दोनदा थांबून. डावा गाल बसलेला, हनुवटी एका बाजूला ओढलेली, कानामागून गळ्यापर्यंत काळ्या टाक्यांची रांग. मी म्हटलं, कलाबाई, हे मी कसं काढणार, ते तिकडचं काम. मी नागपूरला फोन लावला. तिकडचे सर्जन हसले. म्हणाले, ही बाई इथे सगळ्यांना सांगून गेली होती की माझे टाके माझा डॉक्टर काढेल. काढा.

एकेक टाका कापत गेलो. त्या आरसा धरून पाहत होत्या. प्रत्येक दोरा निघाला की मी कडा दाबून पाहायचो. घट्ट. पुढचा. घट्ट. खाली गळ्यापर्यंत कुठेही फट नाही, ओल नाही. मग त्यांनी तोंड उघडलं, उघडलं तेवढं, एका बोटाइतकं. मी बॅटरी मारली. आत छातीचं ते मांस गालाला गुलाबी धरून बसलं होतं. चारी बाजूंनी.

"बुजली?" त्यांनी विचारलं. शब्द वाकडा निघाला, पण मला कळला.

"बुजली कलाबाई."

त्यांच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिली. माझ्याही लागली, बॅटरी हलायला लागली. रडता रडताच त्यांनी माझं मनगट धरून स्थिर केलं आणि गळ्याजवळ बोट ठेवलं. एक टाका राहिला होता.

त्यांना सोडायला मी खाली उतरलो. बाजाराचा दिवस होता, काळी-पिवळी भरलेली. खिडकीशी जागा मिळाली. आतली माणसं त्यांच्याकडे पाहून नजर वळवत होती. एक पोर आईच्या कुशीत शिरलं. शेजारी बसलेली एक म्हातारी, ओळख ना पाळख, जीव कळवळला तिचा. "अरेरे, माय वो," म्हणत तिनं हळूच कलाबाईंचा पदर उचलला आणि तो गाल झाकला, कोणी पाहू नये म्हणून.

गाडी सुरू झाली. कलाबाईंनी म्हातारीचा हात बाजूला केला, रागानं नाही. पदर काढून पुन्हा खांद्यावर टाकला, आणि तो गाल खिडकीबाहेर, सगळ्या बाजाराकडे केला.

"राहू दे माय," त्या म्हणाल्या. "वारं लागू दे जखमेले."